आजीचे चार मोर आणि हरवलेला पत्ता : रोज एक फ्रॅक्टल

(एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे बोलताना अडखळले किंवा शेजारच्यांचा कुकर मध्येच बोलला, ते काढलंय. बाकी जसंच्या तसं.)

आज एक विनंती आहे. एरवी तुम्ही फोन खिशात टाकून ऐकता, आज हातात ठेवा. ब्राउझर उघडा किंवा ॲप स्टोअरमध्ये 'मँडेलब्रॉट' असं शोधा. फुकटातली बरीच सापडतील, कुठलंही एक चालेल. ते उघडेपर्यंत मी तुम्हाला आजीची गोष्ट सांगते.

माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. घरात नेहमीप्रमाणे गोंधळ. कोण साडी देणार, कोण चांदीची वाटी देणार, आचारी कुठला. मी आजीला सरळ विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "मला मेलीला काय हवंय आता. तू ते मोरांचं चित्र दाखवलं होतंस ना गं, चार मोर दाणा टिपताहेत ते? तेवढं मोठं करून समोरच्या भिंतीला लाव. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी काढली आणि पहिलं छान असं काही बघितलं ते तेच."

आता गंमत अशी की त्या चित्रात मोर नव्हतेच. ते फ्रॅक्टल होतं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना एक दिवस बसायला जागा मिळाली, त्या आनंदात फोनवर काढलेलं. मधोमध एक बारीक काळा ठिपका, त्याच्याभोवती वळणदार मानांचे चार आकार, आणि प्रत्येकामागे पाच पिसांचा पिसारा. रंग मी टाकले होते, रामा, मोरपिशी आणि जरासा राणी. त्यामुळे आजीला पैठणीच्या पदरावरचे मोर आठवले असणार.

मी म्हटलं, होऊन जाईल! कार्यक्रमाला वीस दिवस होते.

आणि मग आठवलं की ज्या फोनवर ते काढलं होतं, तो पावसाळ्यात माझ्याच हातून बादलीत पडून गेला. उरली होती फक्त घरच्या ग्रुपवर टाकलेली प्रत. १२८० बाय ९६० ठिपके. फोनवर बघायला ठीक. पण २४ इंच बाय १८ इंचाचं चांगलं प्रिंट काढायचं तर इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ७२०० बाय ५४००. तीन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ठिपके, आणि माझ्याकडे जेमतेम सव्वाबारा लाख. ताणून मोठं केलं की मोरांच्या जागी ओल्या भिंतीवरचे डाग दिसायला लागतात.

"मग पुन्हा काढ ना," दादा म्हणाला.

पुन्हा काढता येतं, हेच तर फ्रॅक्टलचं वैशिष्ट्य. कागदावरचं चित्र हरवलं की हरवलं. हे चित्र मात्र पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढं मोठं, अगदी तस्संच्या तस्सं काढता येतं. फक्त त्याचा पत्ता हवा. तो मी लिहून ठेवलाच नव्हता.

पत्ता म्हणजे काय

उघडलं का ॲप? समोर एक आडवा झोपलेला आकार दिसेल. पत्त्यांतल्या बदामासारखा मोठा भाग, त्याला डावीकडे चिकटलेलं वर्तुळ, आणि सगळीकडे लहानमोठे गोळे, जणू हळकुंडाला फुटलेले कोंब. हा मँडेलब्रॉट संच.

तो कुणी रेखाटलेला नाही. एका बारक्याशा हिशेबातून तो बाहेर पडतो, आणि हिशेब इतका सोपा आहे की आत्ता तोंडी करू. एक संख्या निवडा. तिला 'सी' म्हणू. शून्यापासून सुरुवात. प्रत्येक वेळी हातात असलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्यात सी मिळवायचा. जे येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा सी मिळवा. बस्स, एवढंच करत राहायचं.

सी १ घेतला तर? ०, १, २, ५, २६, ६७७... पळाली गाडी. सी उणे १ घेतला तर? ०, उणे १, ०, उणे १, ०... कायम दोन खांबांमध्ये येरझाऱ्या. सी ०.२५ घेतला तर आकडे हळूहळू ०.५ कडे सरकत जातात आणि त्याच्या पलीकडे कधीच जात नाहीत. आणि ०.२६? एवढासा फरक, पण आधी बराच वेळ रेंगाळतात आणि मग तीसेक फेऱ्यांनी सुटतात ते सुटतातच. म्हणजे काही संख्या घरी राहणाऱ्या आणि काही पळून जाणाऱ्या. घरी राहणाऱ्यांना काळा रंग द्यायचा. पळणारी कितव्या फेरीत पळाली त्यावरून तिचा रंग ठरवायचा. एकदा का उत्तर शून्यापासून २ पेक्षा लांब गेलं की ते परत येत नाही हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे कॉम्प्युटरला अनंतकाळ वाट बघावी लागत नाही.

आतापर्यंत आपण एका रेषेवरच्या संख्या घेतल्या. चित्रासाठी सी हा कागदावरचा एक बिंदू असतो, त्याला दोन आकडे. एक आडवा, एक उभा. अशा बिंदूचा 'वर्ग' करायचा म्हणजे मधल्या शून्यापासूनच्या त्याच्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याचा कोन दुप्पट करायचा. हा कोन दुप्पट होणं लक्षात ठेवा. प्रत्येक फेरीत बिंदू गरकन फिरतो, आणि मोरांच्या माना, शंख, जिलब्या जे काही वळलेलं तुम्हाला दिसेल ते सगळं या फिरण्यातून आलेलं असतं.

तर पत्ता असा : आडवा आकडा, उभा आकडा, किती झूम केलाय, जास्तीत जास्त किती फेऱ्या मोजल्या, आणि रंगांची पट्टी कुठली. इतकं असलं की पृथ्वीवरच्या कुठल्याही मशीनवर तेच चित्र उगवतं. मला यात फार बरं वाटतं, खरं सांगू का? चित्र माझ्या फोनमध्ये नव्हतंच कधी. मी फक्त तिथवर गेले होते.

किनाऱ्यावरून इथवर

बेन्वा मँडेलब्रॉट हा माणूस १९२४ मध्ये वॉर्सात जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात कामाला होता. १९६७ मध्ये त्यानं 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. प्रश्न साधा होता, ब्रिटनचा किनारा किती लांब? उत्तर विचित्र होतं : मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. कारण लहान पट्टी प्रत्येक खाडीत, प्रत्येक खडकाच्या मागे शिरते.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच देशाकडे बघा. भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण शाळेत घोकलंय. अलीकडे जास्त बारकाव्याच्या नकाशांवरून तो पुन्हा मोजला, तर सरकारी आकडा झाला ११,०९८ किलोमीटर. समुद्र तोच, जमीन तीच. फक्त पट्टी बारीक झाली. कोकणात एका खाडीच्या या काठावरून त्या काठावर जायला गाडीनं किती वळसा पडतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

अशा तुटक्या, खडबडीत, जवळ जावं तितकं आणखी काहीतरी दाखवणाऱ्या आकारांना मँडेलब्रॉटनं १९७५ मध्ये 'फ्रॅक्टल' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'फ्रॅक्टस' म्हणजे मोडलेलं. वर्ग करा आणि मिळवा हा हिशेब मात्र त्याच्याही आधीचा. गास्तों ज्युलिया आणि पिएर फातू या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, कॉम्प्युटर नसताना, यावर मूलभूत काम केलं होतं. ज्युलियाचं नाक युद्धात गेलं होतं, पुढे आयुष्यभर तो चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधायचा. चित्र न बघता, नुसत्या विचारानं या लोकांना हे आकार कसे 'दिसले' असतील याचा मी लोकलमध्ये बसून अनेकदा विचार केलाय.

मँडेलब्रॉटनं १९८० मध्ये आयबीएमच्या मशीनवर हा संच छापून बघितला. कागदावर मुख्य आकाराच्या आजूबाजूला बारीक काळे ठिपके आले होते, प्रिंटरची शाई सांडल्यासारखे. ती शाई नव्हती. प्रत्येक ठिपका म्हणजे त्याच संचाची एक इवलीशी प्रतिकृती होती. आधी त्याला वाटलं ही सुटी बेटं आहेत. १९८२ मध्ये आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी सिद्ध केलं की सगळी बेटं मुख्य भूमीला अतिशय नाजूक धाग्यांनी जोडलेली आहेत, एकही सुटं नाही. संचाला मँडेलब्रॉटचं नावही यांनीच दिलं.

मग ऑगस्ट १९८५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर तो झळकला, आत ए. के. ड्यूडनी यांनी घरच्या कॉम्प्युटरवर कसा काढायचा ते समजावलं होतं, आणि जगभर लोकांना नाद लागला. १९८८ च्या सुमारास 'फ्रॅक्टिंट' नावाचा फुकट प्रोग्राम आला. तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरना दशांशांचा हिशेब जड जायचा, म्हणून यानं पूर्णांकांत तो बसवला. नावातलं 'इंट' त्याचंच. तरीही एखादं चित्र लावून लोक झोपायला जायचे आणि सकाळी उठून बघायचे काय आलंय. आपण बोटांनी चिमटा काढतो आणि अर्ध्या सेकंदात नवं चित्र. त्यामुळेच आपण पत्ता लिहायचा कंटाळा करतो, असं माझं मत आहे.

शोध

परत मोरांकडे. माझ्याकडे सुगावे किती? पहिला, ग्रुपवरचं ते धुरकट चित्र. दुसरा अचानक मिळाला. त्याच दिवशी, त्याच प्रवासात मी दादाला एक अर्धवट चित्र पाठवलं होतं, "बघ, झाडू!" असं लिहून. म्हणजे खाली उतरताना मध्ये कुठेतरी थांबून घेतलेला फोटो. दादा कधीच काही डिलीट करत नाही, हा त्याचा दुर्गुण त्या दिवशी कामी आला.

आता इथे थोडी भूगोलाची मजा. बदामाच्या कडेला जे गोळे चिकटलेत, त्या प्रत्येक गोळ्याच्या टोकाला एक अँटेना असते. काडी निघते आणि एका सांध्यावर येऊन तिच्या फांद्या होतात. त्या सांध्यावर जुळणाऱ्या सगळ्या फांद्या मोजायच्या, गोळ्याकडून आलेली काडी धरून. तुमच्या ॲपमध्ये सगळ्यात वरचा मोठा गोळा बघा. तीन येतील. त्याच्या उजवीकडे, बदामाच्या खाचेकडे उतरताना पुढचा मोठा गोळा, तिथे चार. मग पाच, मग सहा. हा आकडा त्या गोळ्याचा जणू पिनकोड. त्या गोळ्यातली संख्या घेऊन हिशेब केला तर उत्तरं तेवढ्याच थांब्यांमध्ये फिरत राहतात. डावीकडच्या वर्तुळात मघाचा उणे १ आहे, त्याचे दोन थांबे होते, आठवतंय?

आणि महत्त्वाचं म्हणजे त्या गोळ्याच्या परिसरात कितीही खोल गेलात तरी सांध्यांवर तोच आकडा परत परत भेटतो. माझ्या मोरांच्या पिसाऱ्यात पाच पिसं. दादाच्या झाडूला पाच काड्या. पाचाचा गोळा!

पण पाचाचे मोठे गोळे चार आहेत. दोन वरच्या अर्ध्यात आणि त्यांची प्रतिबिंबं खालच्या अर्ध्यात, कारण हा आकार आडव्या रेषेभोवती अगदी तंतोतंत आरशासारखा आहे. मग कुठला? बॉस्टन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट डेव्हनी यांनी एक सोपी खूण लोकप्रिय केली. सांध्यावर उभे राहा. गोळ्याकडून येणारी काडी ही मुख्य. तिथून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजत जा. सगळ्यात आखूड काडी कितवी आहे? पाचातली पहिली असेल तर गोळा एक पंचमांश, दुसरी असेल तर दोन पंचमांश. डोळ्यांनी बघताना हे कधीकधी फसतं, पण दादाच्या झाडूत दुसरी काडी स्पष्ट बुटकी होती. दोन पंचमांश.

तो कुठे असतो? डावीकडचं मोठं वर्तुळ म्हणजे एक द्वितीयांश, वरचा मोठा गोळा एक तृतीयांश. या दोघांच्या मधल्या कडेवर सगळ्यात मोठा गोळा कुठला ते काढायचं असेल तर अपूर्णांकांची चुकीची बेरीज करा. अंश अधिक अंश, छेद अधिक छेद. एक अधिक एक दोन, दोन अधिक तीन पाच. दोन पंचमांश! शाळेत अशी बेरीज केली असती तर बाईंनी वहीवर लाल रेघ ओढली असती. इथे ती चालते, प्रत्येक वेळी. दोन पंचमांश आणि एक तृतीयांश यांच्या मध्ये? तीन अष्टमांश. जाऊन फांद्या मोजा, आठ भरतील.

तर आडवा आकडा उणे ०.५०, उभा ०.५६ च्या आसपास. जिल्हा सापडला. गाव, गल्ली, घर बाकी.

इथून पुढे चौदा दिवस गेले, ते मी थोडक्यात सांगते कारण ते बरेचसे कंटाळवाणे होते. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, फोन गरम, बॅटरी ठाण्यापर्यंत अर्ध्यावर. प्रत्येक फांदीवर ते बारीक काळे दाणे असतात, म्हणजे संचाच्या छोट्या प्रतिकृती, आणि ते कधीच संपत नाहीत. कुठल्याही दाण्याकडे सरळ झूम करत गेलं की एक मजेदार गोष्ट घडते. वाटेत ज्या आकाराजवळून तुम्ही गेलात, तो आकार दाण्याभोवती आधी दोनदा दिसतो. आणखी खाली, चारदा. मग आठ, मग सोळा. आणि हे दुप्पट होणं साधारण ठरलेल्या टप्प्यांवर होतं. दाण्यापर्यंत पोहोचायला झूमच्या आकड्यात जितकी शून्यं अजून उरलीत, त्यांच्या निम्म्यावर पुढची दुप्पट. म्हणजे चार मोर दिसतायत तिथे मी वाटेत दोनदा दुप्पट पाहिलेली असणार, आणि मोर हा आकार वरच कुठेतरी एकटा भेटलेला असणार.

म्हणून मी दाणे शोधणं सोडलं आणि एकटा मोर शोधायला लागले. हे आधीच सुचायला हवं होतं. पहिले आठ दिवस मी आंधळ्यासारखी दिसेल त्या दाण्यात उडी मारत होते. मध्येच एक दिवस सगळं चित्रच काळं व्हायला लागलं. फांद्या जाऊन नुसते ढेकूळ. घाबरू नका, तुम्हालाही होईल. फेऱ्यांची मर्यादा कमी पडते तेव्हा असं होतं. कॉम्प्युटर दोनशे फेऱ्या मोजून दमला आणि म्हणाला, हा काही पळत नाही, घाला काळा. मर्यादा दोन हजार केली की धुकं गेल्यासारखं सगळं दिसतं. उलट एखाद्या जागी चित्राचे चौकोनी ठोकळे पडायला लागले तर मात्र इलाज नाही. फोनच्या हिशेबातले दशांश संपले. साधारण पंधरा-सोळा अंक सांभाळणारं ॲप असेल तर एकावर तेरा शून्यं इतक्या झूमच्या आसपास ही वेळ येते. काही ॲप्स त्याहून हलका हिशेब वापरतात आणि खूप आधीच दमतात. त्याच्याही खाली जायचं तर कॉम्प्युटरवरचे खास प्रोग्राम आहेत. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी एक युक्ती दाखवली : एकाच बिंदूचा हिशेब लांबलचक अंकांनी काटेकोर करायचा आणि बाकी सगळ्या बिंदूंसाठी त्याच्यापासूनचा फरक तेवढा मोजायचा. तेव्हापासून लोक अशा खोलीवर जातात की झूमचा आकडा लिहायला ओळ पुरत नाही. मला मात्र लोकलपुरतं पुरे आहे.

सोळाव्या दिवशी मोर मिळाले. मान, पिसारा, मधला दाणा, सगळं. मी मुंब्र्याच्या बोगद्यात एकटीच हसले. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

रात्री लॅपटॉपवर मोठं चित्र लावलं. रंग जुळवायला वेगळा त्रास. पट्टी तीच असली तरी ती कुठून सुरू होते यावर सगळं बदलतं, रामाच्या जागी आमसुली येतो. पहाटे जमलं. दोन दिवसांत प्रिंट, फ्रेम.

कार्यक्रम झाला. आजीला चंद्रांच्या संख्येइतक्या वाती ओवाळून झाल्या, लोक जेवले, पांगले. संध्याकाळी ती फ्रेमसमोर खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे. पण हे ते नव्हेत."

मी म्हटलं, आजी, तेच आहेत गं.

"नाही. ते मोर सरळ दाणा टिपत होते. यांनी मान एकदा जास्त वळवलीय."

मी ग्रुपवरची धुरकट प्रत काढली. शेजारी धरली. आजीचंच खरं. मानेला एक वेढा जास्त होता! सोळा दिवस मी ते चित्र बघत होते आणि मला तो दिसला नव्हता.

चिडायला हवं होतं, पण डोक्यात दुसरंच चालू झालं. एक वेढा जास्त म्हणजे काय? त्या गोलात फिरत गेलेल्या फांद्यांवर दाणे ओळीनं बसलेले असतात, बाहेरून आत. तुम्ही मध्याच्या जितक्या जवळचा दाणा निवडाल, तितकी मान जास्त वळलेली. म्हणजे मी बरोब्बर गावात, बरोब्बर गल्लीत होते, फक्त घर एक वेढा आतलं घेतलं होतं. आजीनं मला पत्ताच सांगितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला बसले, कळव्यापर्यंत खरे मोर हातात.

आजीला फोनवर दाखवले. "हे! हेच ते," म्हणाली. म्हटलं, आणते नवीन प्रिंट. तर म्हणे, "आता राहू दे. तो खिळा काढलास तर भिंतीचा पोपडा निघेल. आणि मला आता यांची सवय झाली."

तर वही

त्यानंतर मी शंभर रुपयांची एक वही घेतली. नोट्स ॲप नाही, वही. फोन बादलीत पडू शकतो हे मी शिकलेय. रोज एक पान. दोन आकडे, झूम, फेऱ्या, रंगपट्टी आणि एक नाव. नाव महत्त्वाचं, कारण आकडे बघून काही आठवत नाही, पण 'ओल्या छत्र्या' किंवा 'बाबांची सही' म्हटलं की आठवतं. रोजची वेळ वीस मिनिटं. नियम एकच, एका दिवशी एकच चित्र ठेवायचं. पंधरा-वीस काढते, एक ठेवते, बाकी पुसते. पुसताना सुरुवातीला जीव तुटायचा. आता पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे पुसलेलं काहीच खरं तर जात नाही.

लोक विचारतात, यात तुझं काय? चित्र तर गणितानं काढलं. बरोबर आहे. सह्याद्रीचा फोटो काढणारा सह्याद्री बनवत नाही, पण कुठल्या सुळक्यावर किती वाजता उभं राहायचं हे तोच ठरवतो. चौकट माझी, रंग माझे, कुठे थांबायचं ते माझं. त्यापुढे मी वाद घालत नाही.

सुरुवातीला कुठे जायचं? दोन ठिकाणं सांगते. बदाम आणि डावीकडचं वर्तुळ यांच्यामधली खाच, उणे ०.७५ आणि वर ०.१. तिला समुद्रघोड्यांची दरी म्हणतात, शेपट्या वळवलेल्या समुद्रघोड्यांसारखे आकार ओळीनं दिसतात म्हणून. बदामाच्या उजवीकडच्या खाचेत, ०.२५ च्या जरा पुढे, हत्तींची दरी. सोंडेला सोंड लावून मिरवणूक निघालीय असं वाटतं.

समुद्रघोड्यांच्या दरीत एक खजिना पुरलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. उणे ०.७५ या बिंदूच्या सरळ वर ०.१ इतक्या अंतरावर संख्या किती फेऱ्यांत पळते? ३३. अंतर ०.०१ केलं तर ३१५. ०.००१ केलं तर ३१४३. आता फेऱ्यांना अंतरानं गुणा. ३.३, ३.१५, ३.१४३... ओळखीचं वाटतंय? पाय! वर्तुळाचा पाय, जिथे कुणी वर्तुळ काढलेलंच नाही तिथे. १९९१ मध्ये डेव्हिड बोल हा तरुण त्या खाचेची रुंदी तपासायला गेला आणि त्याला हे सापडलं. तो पाय शोधायला गेलाच नव्हता.

आजच्या पानावरचा पत्ता देते, लिहून घ्या. आडवा : उणे ०.७४३६४३८८७. उभा : ०.१३१८२५९०४. फेऱ्या निदान दोन हजार ठेवा आणि झूम एक हजारापासून सुरू करून हळूहळू एक कोटीपर्यंत न्या. हा पत्ता माझा नाही, या नादातल्या लोकांमध्ये तो चांगलाच प्रसिद्ध आहे आणि मीही तिथे पाहुणी म्हणूनच जाते. लाखाच्या आसपास थांबून आकार मोजा, किती वेळा दिसतात ते बघा. रंग तुमच्या मनाचे लावा. माझ्या वहीत आज नाव लिहिलंय 'कोजागरी', कारण दुधाळ पिवळा लावला होता.

चला, गाडी ठाण्याला आली. भेटू पुढच्या एपिसोडला.